थोरल्याचे लहानपण

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या सोलापूर येथील वार्षिक कुटुंबमेळाव्यात दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने या वर्षी दोन शब्द बोलण्याची कामगिरी मजवर सोपविली, याबद्दल मी मंडळाचा आभारी आहे. मी कोणी पंडित नव्हे. जुनी अकरावी, जिला आपण मॅट्रिक म्हणत असू, ती झाली. त्यावर शिक्षकी सनद घेतली. आणि पुढील सारी हयात पहिली-दुसरीच्या वर्गांत खडू हातात धरून गेली. तेव्हा मोठ्या विषयास हात घालण्याचा माझा अधिकार नाही. गुणवंतांचे सत्कार, शिष्यवृत्त्या, वधूवरसूचक केंद्र, इमारतनिधी, हे विषय आपल्या मेळाव्यात दरसाल निघतात, आणि ते निघावयासच हवेत. मी आज जो विषय घेणार आहे तो याहून लहान आहे, अगदी वयानेही लहान आहे. ज्या घरात एक मूल नुकते चालू-बोलू लागले आहे आणि त्याच सुमारास पाळण्यात दुसरे आले आहे, त्या घराविषयी मला बोलावयाचे आहे. एक मूल कडेवर आणि एक पदराशी, अशा ज्या सुनालेकी आज मागच्या रांगांत बसल्या आहेत, त्यांना ते घर कोणते हे सांगावे लागणार नाही. पुढच्या रांगांत बसलेल्या आम्हां पुरुषांना मात्र सांगावे लागेल, असे मला वाटते.

प्रथम आपल्या भाषेतील एका बोलाकडे आपले लक्ष वेधतो. दुसरे मूल झाले म्हणजे आपण म्हणतो, "हिच्या पाठीवर मुलगा झाला." आपण 'पाठचा भाऊ' म्हणतो, 'पाठची बहीण' म्हणतो. मूल जन्मास येते आईच्या पोटी. पण भाषेच्या हिशेबी ते येते पहिल्याच्या पाठीवर. ज्याने हा बोल प्रथम वापरला त्याच्या मनात काही असो वा नसो, घरातील वस्तुस्थिती त्यात बरोबर उतरली आहे. घरात पाळणा हलला की बराच भार त्या पहिल्याच्या पाठीवर येतो. आणि ती पाठ असते दीड-दोन वर्षांची.

माझे म्हणणे एवढेच आहे. दुसरे मूल आल्याने पहिले मूल मोठे होत नाही. काल ते जितक्या महिन्यांचे होते, आज त्याहून एका दिवसानेच मोठे असते. त्याचे उरलेले लहानपण राखणे हे एकट्या आईच्या हातचे काम नाही. ते साऱ्या घराचे, आणि घर अपुरे पडेल तेथे समाजाचे काम आहे.

एकट्या आईच्या हातचे ते का नाही, हे समजण्यासाठी आपण एक हिशेब मांडू. मास्तराची खोड म्हणा हवी तर. तान्हे मूल दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा अंगावर पिते. आपण दहा वेळा धरू, आणि प्रत्येक वेळेस अर्धा तास. हे पाच तास झाले. तेल, मालीश, अंघोळ, शेक, बाळाचे व बाळंतिणीचे मिळून दोन तास. आता थोरल्याकडे वळू. दीड-दोन वर्षांच्या मुलास दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मधून एक-दोन वेळा काही खाणे लागते. पाच वेळा धरले आणि प्रत्येक घासामागे एक चिमणी, एक कावळा धरला, तर अडीच तास. त्याची शी-शू, अंघोळ, निजविणे यांस दोन तास. बेरीज साडेअकरा तासांवर आली. यात स्वयंपाक नाही, धुणे नाही, आल्यागेल्याचा चहा नाही. तीन-चार दिवसांआड नळाला पाणी येण्याची सवय आपण सोलापूरकरांनी वर्षानुवर्षे सोसली. तो पाण्याचा दिवसही यात नाही. वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर गेला म्हणजे पत्र्याखालच्या खोलीत दोन्ही मुले एकाच वेळी रडतात, तेही नाही. आणि त्या बाईची झोप? ती तर हिशेबात कोठेच नाही. ती सलग दोन तासही मिळत नाही. अशा बाईने थोरल्यावर एखादे वेळी हात उगारला, तर आपण म्हणतो, "अगबाई, किती तापट झाली ही!"

आता त्या थोरल्याचे काय होते ते पाहू. जो आपला आपण जेवत होता तो "भरव" म्हणतो. ज्याचे कपडे कोरडे राहू लागले होते तो पुन्हा अंथरूण ओले करतो. स्पष्ट बोलणारी मुलगी बोबडे बोलू लागते, पाळण्यात चढून बसते, बाळाचे टोपडे स्वतःच्या डोक्यावर ओढते. आई बाळाला पाजावयास बसली की नेमकी त्याच वेळी हिला बाहेर जावयाचे असते, नाहीतर पिठाच्या डब्यात हात घालावयाचा असतो. घरातील मंडळी याला हट्ट म्हणतात, द्वाडपणा म्हणतात.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. नातवाचा जन्म झाला तेव्हा नात सव्वादोन वर्षांची होती. दहा-बारा दिवस तिने सारा प्रकार निमूटपणे पाहिला, आणि एके सकाळी मला गंभीरपणे म्हणाली, "आबा, आता बाळाला दवाखान्यात देऊन या." घरात सगळे पोट धरून हसले. परंतु तिने विनोद केला नव्हता. आमच्या घरी पाहुणे येतात, चार दिवस राहतात आणि जातात, हे तिला ठाऊक होते. हा पाहुणा जाण्याचे नाव घेईना, आणि आईच्या मांडीवरून उठेना. तिने विचारले ते अगदी रीतसर होते.

इंग्लंडातील केंब्रिज येथे ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक या दोन विदुषींनी चाळीस कुटुंबांत, दुसरे मूल जन्मण्यापूर्वीपासून, घरोघर जाऊन निरीक्षणे केली, आणि १९८२ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांना असे दिसले की बाळ आल्यावर आई आणि थोरले मूल यांच्यातील खटके वाढतात, आणि थोरल्याच्या खोड्या आई बाळात गुंतलेली असताना विशेष होतात. म्हणजे आपल्या सोलापूरच्या चाळीत जे घडते तेच तेथेही घडते. मात्र त्यांना आणखी एक गोष्ट आढळली, आणि ती मला फार मोलाची वाटते. ज्या आया थोरल्याशी बाळाविषयी माणसाविषयी बोलावे तसे बोलत, "बघ, त्याला भूक लागली असेल का? तुला काय वाटते, तो कशाने रडतो?" असे विचारीत, त्या घरांतील भावंडे वर्षभराने एकमेकांशी अधिक मायेने वागताना दिसली. यास पैसा लागत नाही, वेळही लागत नाही. "बाळाला हात लावू नकोस" याच्या जागी "बाळाला काय हवे असेल?" एवढाच बदल करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ मनाचा असता तर मी आपला एवढा वेळ घेतला नसता. पण तो जिवाशीही येतो. डॉ. सिसिली विल्यम्स नावाच्या बाई १९२९ सालापासून आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, या देशात काम करीत होत्या. तेथे एक ते चार वर्षांची मुले एका विचित्र आजाराने दगावत. पाय सुजत, केस तांबूस होत, कातडी सोलवटे, आणि मूल कशातच मन न घालता बसून राही. त्यांनी १९३३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९३५ साली तेथील गा भाषेतील नावच वैद्यकात रूढ केले: क्वाशिओरकोर. या शब्दाचा अर्थ काय असेल? पाठचे मूल आल्यामुळे जागेवरून उठविल्या गेलेल्या मुलाला होणारा आजार! तेथील अशिक्षित आयांनी रोगाचे निदान रोगाच्या नावातच करून ठेवले होते. दुसरे मूल आले की पहिल्याचे दूध एकाएकी तुटे, आणि त्याच्या वाट्यास नुसती मक्याची पेज येई. पुढील संशोधनाने या रोगाची कारणे अधिक गुंतागुंतीची असल्याचे दाखविले आहे. परंतु त्या नावातील शहाणपण खोटे ठरलेले नाही.

आपल्या घरांत इतके टोकाचे कदाचित होत नसेल. पण थोरले मूल बाळंतपणाच्या गडबडीत वाळते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणून त्याच्या ताटाविषयी दोन शब्द. वरणावरचे पाणी म्हणजे वरण नव्हे. मुलाला द्यावयाचे ते घट्ट वरण, मऊ भातावर तूप घालून. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून द्यावी. केळे द्यावे, चालत असेल त्या घरी अंडे द्यावे. शेंगदाणा हे तर आपल्या जिल्ह्याचे वैभव. पण लहान मुलास अख्खा दाणा कधीही देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकून प्राण जाऊ शकतो. त्याचा बारीक कूट करून वरणात किंवा भाजीत घालावा. आणि थोरल्यावर नजर ठेवावी ती एवढ्यासाठीही, की ते प्रेमाने आपल्या हातातला दाणा किंवा गुळाचा खडा बाळाच्या तोंडात घालते. प्रेम खरे असते; धोकाही खरा असतो. झोळीला झोका देण्याची हौसही तशीच. म्हणून दोघांना एकटे सोडू नये.

दुधाविषयी घरोघर एक समजूत आहे, की दिवस गेले की आईचे दूध नासते, म्हणून अंगावरचे मूल त्याच दिवशी तोडावे. दूध नासत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे व त्याहून पुढेही ते चालू ठेवावे, असा आहे. बाईची प्रकृती पाहून डॉक्टर सांगतील तसे करावे. पण तोडावयाचेच असेल तर ते हळूहळू तोडावे, कडूलिंबाचा लेप लावून एका रात्रीत नव्हे.

लसीकरणाच्या कार्डाविषयीही एक सूचना करून ठेवतो. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लसीचा पहिला बूस्टर मुलाच्या सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावयाचे असतात. दोन मुलांत दीड-दोन वर्षांचे अंतर असेल तर ही वेळ नेमकी दुसऱ्या बाळंतपणावर येते, आणि नव्या बाळाचे कार्ड हातात आले की जुने फडताळात जाते. आजोबांनी दोन्ही कार्डे एकाच पिशवीत ठेवावीत, आणि तारखा स्वतः पाहाव्यात.

अंतराचा विषय निघालाच आहे, तर वडीलकीच्या नात्याने स्पष्ट बोलतो. कोणी राग मानू नये. एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस जाण्यापूर्वी निदान चोवीस महिने जाऊ द्यावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. 'पाळणा लांबवा' हे शब्द सरकारी भिंतींवर आपण वर्षानुवर्षे वाचले. तो पाळणा लांबला म्हणजे आईच्या अंगात रक्त भरते, आणि थोरल्याला आपले लहानपण पुरते भोगावयास मिळते. "एकदमच उरकून टाका" हा सल्ला जी वडील मंडळी सुनांना देतात, त्यांनी मघाचा साडेअकरा तासांचा हिशेब आधी स्वतः करून पाहावा.

आता आपल्या चालीरीतींकडे येतो. त्यांत पुष्कळ शहाणपण आहे. सव्वा महिन्याचा आराम, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, अंगाला तेल, हे सारे बाईला माणूस म्हणून पुन्हा उभे करण्यासाठी आहे. पण आपली रीत अशी, की पहिले बाळंतपण माहेरी आणि दुसरे बहुधा सासरी. पहिल्या वेळी, जेव्हा सांभाळावयास एकच जीव असतो, तेव्हा आई, काकू, आत्या, मावशी हाताशी असतात. दुसऱ्या वेळी जीव दोन होतात आणि हात कमी होतात. ज्या घरी माहेर जवळ आहे त्यांनी ही रीत थोडी वाकवावी. माहेरच्या आजीला महिनाभर सासरी बोलवावे. त्यात व्याह्यांचा कमीपणा नाही.

सोयराचे दहा दिवसही असेच. बाळंतिणीच्या खोलीचे दार बंद, आणि बाहेर दोन वर्षांचे मूल दारावर थापा मारीत "आई, आई" करते आहे, हे दृश्य अनेकांनी पाहिले असेल. इंग्लंडात जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एक साधा चित्रपट काढला. आठ दिवस रुग्णालयात आईवाचून राहिलेली अडीच वर्षांची मुलगी त्यात दिसते. ती फारशी रडतही नाही. ती हळूहळू कोमेजते. तो पाहून तेथील डॉक्टरांची मने बदलू लागली, आणि मुलांच्या रुग्णालयांत आईबापांना अधिक मोकळीक मिळावी या विचारास बळ आले. आपण तर एकाच घरात राहून दार लावून घेतो. जंतूंची भीती असेल तर थोरल्याचे हातपाय साबणाने धुवावेत आणि त्याला आईजवळ बसवावे. दवाखान्यात जाण्यापूर्वीही आईने त्याला सांगून जावे. झोपेत सोडून जाऊ नये.

बारशाचेही तेच. टोपडी, कुंची, वाळे, घुंगुरवाळा, सारे पाळण्यातल्यासाठी. आत्याबाई कानात नाव सांगते, बायका तिच्या पाठीत थापट्या देतात, सगळीकडे हशा. आणि थोरले कोपऱ्यात उभे. माझी विनंती अशी की आत्याने नाव सांगितल्यावर थोरल्यालाही पाळण्यापाशी न्यावे आणि त्याच्या तोंडून ते नाव बाळाच्या कानात सांगवावे. शास्त्राला यात बाध येत नाही. भावाचे नाव ज्याने सांगितले, तो त्याला दवाखान्यात परत पाठवू म्हणणार नाही.

येथवर मी घरातल्या घरात बोललो. पण आपले सोलापूर हे कष्टकऱ्यांचे गाव. आपल्यांपैकी कित्येकांच्या आज्या-पणज्या गिरणीत राबल्या. १८७७ साली उभी राहिलेली जुनी गिरणी आणि तिच्या मागोमाग आलेल्या गिरण्या, यांच्या भोंग्यावर या गावाचे घड्याळ चालत असे. तो भोंगा बाळंतिणीसाठी थांबत नव्हता. मुंबई इलाख्याने १९२९ साली प्रसूतिलाभाचा कायदा केला; तो या देशातील त्या प्रकारचा पहिला कायदा होय. १९४८ च्या कारखाना कायद्याने मोठ्या कारखान्यांत पाळणाघर ठेवण्याचे बंधन घातले. पुढे १९६१ चा प्रसूतिलाभ कायदा आला, आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठीची भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेली. हे सारे चांगलेच झाले. पण गिरण्या बंद पडल्या, आणि हजारो बाया घरी बसून विड्या वळू लागल्या. जिच्या मांडीवर सूप, सुपात तेंदूपान आणि तंबाखू, शेजारी झोळीत बाळ आणि पाठीशी दोन वर्षांचे मूल, तिच्या घरापर्यंत पाळणाघराचा कायदा पोहोचत नाही. तंबाखूच्या धुळीपासून ती दोन मुले दूर ठेवावी म्हटले, तर खोलीला दुसरी खोली नसते.

पूर्वी मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्या बाया मुलाने निजून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी देत. तिला बाळागोळी म्हणत. आज ते ऐकून आपल्या अंगावर काटा येतो. पण बाळ पाजताना थोरल्याने गप्प बसावे म्हणून त्याच्या हातात जी चकचकीत वस्तू आपण देतो, ती कोणती? मोबाईल. मी त्या आईला दोष देत नाही, जशी मी त्या गिरणीकामगार बाईलाही देणार नाही. जिच्या हाताशी माणूस नाही तिने काय करावे? परंतु गोळी ती गोळीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की वर्षाच्या मुलास असा पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसातून एक तासाहून अधिक दाखवू नये. मोबाईल काढून घ्यावयाचा असेल तर त्याच्या जागी माणूस द्यावा लागेल. तो माणूस कोण, हे मी पुढे सांगतो.

त्याआधी आणखी एका थोरल्याची, किंबहुना थोरलीची, गोष्ट. पहिली-दुसरीच्या हजेरीपटात मी पुष्कळ वर्षे एक प्रकार पाहिला. नियमित येणारी मुलगी एकाएकी आठवडाभर येईनाशी होई. चौकशी केली की उत्तर ठरलेले, "घरी बाळ आहे, राखायला कोणी नाही." मुलगा क्वचितच याकरिता घरी राही. सहा-सात वर्षांची ती मुलगी कंबर वाकडी करून बाळाला कडेवर घेई. काही मुली परत आल्या, काही आल्याच नाहीत. दोन वर्षांच्या वयात "तू आता मोठी" हे ज्या मुलीला सांगितले जाते, तिला सातव्या वर्षी बाई केले जाते. या वाटेचे पहिले पाऊल पाळण्यापाशीच पडते, हे आपण ध्यानात घ्यावे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोन थोर शिक्षिकांनी हे ओळखले होते. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५ साली, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. थोरली मुले लहानग्यांना राखावयाचे म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी भरविली. तिला विकासवाडी असे नाव दिले. ताईने भावाला घेऊनच यावे. त्याला पाळण्यात ठेवावे आणि आपण पाटी घेऊन बसावे. मुले बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आपल्याला त्यातूनच मिळाला, आणि १९७५ च्या २ ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे तो गावोगाव गेला. ज्या भगिनींच्या वस्तीत अंगणवाडी आहे त्यांनी थोरल्याला तेथे अवश्य पाठवावे. मात्र बाळ आले त्याच आठवड्यात पाठवू नये. नाहीतर आपल्याला घराबाहेर काढले, अशी त्याची समजूत होते. दोन-तीन महिने आधी सवय लावावी.

आता तो माणूस कोण, याकडे येतो. बंधूंनो, तो माणूस आपण. आम्ही निवृत्त मंडळी सकाळी पार्कात चकरा मारतो, दुपारी वर्तमानपत्र तिसऱ्यांदा वाचतो. आपल्या हातात जो वेळ आहे त्यातला सर्वांत मोठा उपयोग आपल्याच उंबऱ्याच्या आत आहे. बाळ पाजण्याच्या वेळी थोरल्याला बाहेर नेणे, सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी फिरविणे, घोडा होणे, तेच गाणे विसाव्यांदा म्हणणे, हे आजोबांचे काम आहे. आणि बाप? बाप कामावरून दमून येतो, हे खरे. त्याने घरात पाऊल टाकताच प्रथम पाळण्याकडे न जाता थोरल्याला उचलावे, आणि रात्रीचा एक घास त्याच्या हातचा असावा. पण याहून मोठी गोष्ट अशी की बापाने पंधरा-वीस मिनिटे बाळाला घ्यावे, आणि आईला थोरल्यासाठी मोकळे करावे. थोरल्याला दुसरे कोणीही पुरत नाही. त्याला हवी असते ती आई, तीच, आणि मांडीवर दुसरे कोणी नसताना. दिवसातून एवढा वेळ ज्या मुलास मिळतो, त्याचे अंथरूण लवकर कोरडे होते.

मुलास पहिली पाच वर्षे लाडाने वाढवावे, असे सांगणारे जुने सुभाषित आपणांस पाठ आहे. त्या सुभाषितकाराने पाच वर्षे म्हटले आहे. मधेच दुसरे मूल झाले तर मुदत संपते, असे त्याने कोठे म्हटलेले नाही.

ज्ञानदेवादी भावंडांची परंपरेने सांगितली जाणारी जन्मवर्षे पाहा: निवृत्ती १२७३, ज्ञानदेव १२७५, सोपान १२७७, मुक्ताई १२७९. दर दोन वर्षांनी पाळणा हलला, आणि तोही वाळीत टाकलेल्या घरात, जेथे शेजारीण मदतीस येण्याची सोय नव्हती. रुक्मिणीबाईंच्या त्या वर्षांचा विचार आपण क्वचितच करतो. पण त्या घरात थोरल्याची माया आटली नाही, याचा पुरावा आपल्यापुढे आहे. ज्ञानदेवांनी गुरू केला तो दोन वर्षांनी मोठ्या असलेल्या आपल्या भावाला. पाठीवर आलेल्या भावंडाला थोरला ओझे मानील की शिष्य, हे पुष्कळ अंशी त्याच्या स्वतःच्या लहानपणी घराने त्याला काय दिले, यावर ठरते.

मंडळापुढे दोन सूचना ठेवतो आणि संपवितो. पहिली, मंडळातर्फे ज्या घरी बाळंतविडा जाईल त्या घरी थोरल्यासाठीही एक लहानसा विडा जावा. एक चेंडू, एक चित्रांचे पुस्तक, एवढे पुरे. आणि बाळ पाहावयास जाणाऱ्या प्रत्येकाने आधी थोरल्याला हाक मारावी, मग पाळण्यात डोकवावे. दुसरी, आपले हे सभागृह दुपारी रिकामे असते. बुधवारी तीन ते पाच ते उघडे ठेवावे. ज्या बाळंतिणींना हवे असेल त्यांची थोरली मुले घरातल्या आजी-आजोबांनी येथे आणावीत, आणि आम्ही चार-पाच निवृत्त मंडळींनी त्यांना खेळवावे. दोन तास त्या बायकांना बाळाजवळ निवांत पडता येईल. विडी वळणाऱ्या भगिनींची मुले, मग ती आपल्या ज्ञातीची असोत वा नसोत, त्यांत घ्यावीत. मुलाला पाळण्यापाशी जात नसते. किल्ली माझ्याकडे द्यावी. येत्या बुधवारी पावणेतीन वाजता मी दार उघडून, सतरंजी अंथरून बसलेला असेन.